देवावर सोडलं म्हणजे नेमकं कोणावर सोडलं?



हरभऱ्याचा विमा भरायची शेवटची तारीख १५ डिसेंबर. गव्हाचीही तीच. आठ दिवस झाले, गावात ज्याला विचारावं तो एकच उत्तर देतो, "यंदा देवावर सोडलं बाप्पा." कोणी हसून म्हणतो, कोणी वैतागून. एक जण तर म्हणाला, "माणसाच्या भरवशावर राहून आजपर्यंत काय भेटलं? त्यापेक्षा देव बरा, तो हप्ता तर मागत नाही ना."

यावर पारावर सगळे हसतात, माना हलवतात. आणि हे बोलणं अगदीच खोटं आहे असंही मी म्हणणार नाही. म्हणूनच जरा लांब लिहितो. ज्याले फक्त हरभऱ्याचं पाहायचं आहे त्यानं सरळ खाली जावं, रागावणार नाही.

आधी माणसाच्या भरवशाचं बोलू. २०२३ च्या खरिपात राज्य सरकारनं एक रुपयात पीक विमा सुरू केला. बाकीचा हप्ता सरकार भरणार. मग काय, लोकांनी नसलेल्या बागांचा विमा काढला, सरकारी पडीक जमिनीचा काढला, दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर काढला. बोगस अर्ज निघाले आणि २०२५ च्या खरिपापासून ती योजना बंद झाली. आता पूर्वीसारखंच, खरिपाला विमा रकमेच्या दोन टक्के, रब्बीला दीड टक्का, नगदी पिकाला पाच टक्के. चोरी केली काही लोकांनी, हप्ता आला सगळ्यांवर. हे गावात सगळ्यांना माहीत आहे.

जे माहीत नाही ते जास्त महत्त्वाचं आहे. २०२५ च्या खरिपापासून आपल्या राज्यात भरपाई फक्त पीक कापणी प्रयोगावरून निघते. आधी तुमच्या एकट्याच्या वावरात गारा पडल्या, पाणी साचलं, तर बहात्तर तासांत कळवायचं, पंचनामा व्हायचा, तुमच्यापुरतं नुकसान धरलं जायचं. तो रस्ता गेला. आता महसूल मंडळाचं सरासरी उत्पन्न पाहतात. मागच्या सात वर्षांतली चांगली पाच वर्षं घेऊन सरासरी काढायची, तिचे सत्तर टक्के म्हणजे उंबरठा उत्पन्न. उदाहरणासाठी साधे आकडे धरू. सरासरी हेक्टरी दहा क्विंटल असेल तर उंबरठा सात. यंदा मंडळाचं उत्पन्न साडेसात आलं आणि तुमच्या वावरात दोनच क्विंटल झालं, तर तुम्हाला शून्य. मंडळाचं ५.६ आलं तर सातात १.४ ची तूट, म्हणजे वीस टक्के. विमा रक्कम हेक्टरी चाळीस हजार धरली तर आठ हजार. तेही मंडळातल्या सगळ्यांना सारखेच, ज्याचं गेलं त्यालाही आणि ज्याचं पिकलं त्यालाही.

म्हणजे आपल्या धुऱ्यावरची गार विमा पाहतच नाही. संत्र्याचा हवामानावरचा विमा वेगळा, तिथं हवामान केंद्राचे आकडे चालतात, आणि गारपिटीसाठी वेगळा हप्ता भरावा लागतो. आपल्या बागेत पाऊस आणि केंद्रावर ऊन, असं झालं तर केंद्राचंच खरं. रानडुकराचं नुकसान विम्यात घेऊ असं केंद्र सरकारनं नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केलं, पण ते २०२६ च्या खरिपापासून. तोपर्यंत जागल आहे आणि झटका मशीन आहे.

कर्जमाफीचंही तसंच. ऑक्टोबरच्या शेवटी आपल्याच वर्धा रोडवर शेतकरी बसले, हैदराबादचा हायवे अडला, नागपूरवाल्यांची गाडी तासन् तास हलली नाही. मग मुंबईत बैठक झाली आणि ३० जून २०२६ पर्यंत निर्णय घेऊ असा शब्द मिळाला. २००८ पाहिली, २०१७ पाहिली, २०१९ पाहिली. प्रत्येक माफीत कोणी ना कोणी यादीबाहेर राहिलाच. नियमित भरणारा तर कायमचाच बाहेर.

मग अशा माणसांवर भरवसा ठेवू नको, देवावर ठेव, असं कोणी म्हटलं तर मी त्याले वेडा म्हणत नाही. माझा वाद दुसरा आहे. देवावर सोडणं म्हणजे काय, हे ज्यांनी खरंच सोडलं त्यांच्याकडून पाहिलं पाहिजे.

तुकाराम महाराजांची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. १६३० च्या दुष्काळात घर उद्ध्वस्त झालं, पहिली बायको अन्नावाचून गेली. घरात सावकारी होती, वाण्याचा व्यवहार होता. पुढं त्यांनी कर्जाची खतं इंद्रायणीत बुडवली. लोक एवढंच सांगतात आणि हात जोडतात. पण परंपरा जी गोष्ट सांगते तिच्यात एक बारीक भाग आहे, तो मला फार मोठा वाटतो. धाकट्या भावाचा, कान्होबाचा अर्धा वाटा त्यांनी आधी वेगळा काढला. त्याची खतं त्याला दिली. नदीत गेली ती स्वतःच्या वाट्याची.

आता हे वावरात आणून पाहा. एक म्हणजे, त्यांनी बुडवलं ते लोकांकडून येणं होतं. लोकांचं देणं नव्हतं बुडवलं. दुसरं, भावाच्या भाकरीला हात लावला नाही. माझा देवावर भरवसा आहे म्हणून माझी सुरक्षितता मी सोडतो, तुझी सोडायचा मला हक्क नाही, असा तो हिशेब. आपल्याकडं जो "देवावर सोडलं" म्हणतो त्याच्या सातबाऱ्यावर त्याचं एकट्याचं नाव असतं, पण त्या सातबाऱ्यावर जेवणारी तोंडं पाच असतात. त्यांना विचारून सोडलं का?

गाडगेबाबांचं तेच. तरुणपणी मूर्तिजापूरकडं दापुरीला मामाच्या शेतात राबलेला माणूस, शेतीतलं दुःख पुस्तकातून शिकला नव्हता. १९०५ ला घर सोडलं. अंगावर चिंध्या, हातात झाडू, डोक्यावर गाडगं. उद्याची भाकर कुठं मिळेल याची काळजी नाही. याच्यापेक्षा जास्त भरवसा कोण ठेवणार? आणि त्याच माणसानं पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिक इथं धर्मशाळा बांधल्या. पक्क्या बांधल्या. स्वतःसाठी फुटकं गाडगं आणि दुसऱ्यासाठी चुन्या-विटाचं छप्पर. यात्रेकरूला त्यांनी सांगितलं नाही की बाबा, पावसात झोप, देव पाहून घेईल. सण-तेरव्यांसाठी कर्ज काढू नका हे तर कीर्तनात ओरडून ओरडून सांगायचे.

दामाजीपंतांची गोष्टही मला अशीच दिसते. दुष्काळात मंगळवेढ्याचं सरकारी कोठार त्यांनी लोकांसाठी उघडलं, आणि बिदरच्या बादशहाकडं विठू महार होऊन विठ्ठलानं पैसे भरले. खूप सुंदर गोष्ट आहे, लहानपणी कीर्तनात ऐकताना अंगावर काटा यायचा. पण देव आला तो पैसे भरायले. धान्य आधीच कोठारात होतं. चांगल्या वर्षी कोणीतरी ते मोजून, वाळवून, उंदीर-घुशीपासून सांभाळून ठेवलं होतं. कोठार रिकामं असतं तर दामाजीनं उघडलं काय असतं?

आता जे लिहितो ते काहींना आवडणार नाही. आपल्याकडं "देवावर सोडलं" याचा अर्थ नव्वद वेळा "घरच्या बाईवर सोडलं" असा होतो. वारीचंच पाहा. कौंडण्यपूरहून रुक्मिणीची पालखी निघते, आपल्या भागातूनही लोक पायी जातात, ज्यांना तेवढं होत नाही ते धापेवाड्याला जातात. पेरणी करून माणूस वारीला निघतो, वावर विठ्ठलाच्या हवाली. मी या भक्तीला नावं ठेवत नाही, माझे आजोबा स्वतः जायचे. पण त्या महिन्यात डवरणी, निंदण, खताचा पहिला हप्ता हे विठ्ठल येऊन करत नाही. मागं राहिलेली बाई करते, घरात पोर असेल तर तो डवरा धरतो. विठ्ठल तिच्याच रूपात येतो म्हणाल तर म्हणा, पण मग तिला तसा मान तरी द्या. आणि पीक गेल्यावर, कर्ज थकल्यावर, माणूस खचला की बँकेची नोटीस तिच्याच हातात पडते. विदर्भात हे आपण पंचवीस वर्षं पाहतो आहोत. कोणाच्या घरचं सांगत नाही. ज्याले कळायचं त्याले कळलं.

दुसरी गडबड म्हणजे आपण भरवशाच्या नावाखाली खात्री शोधतो. अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी बुलडाणा जिल्ह्यात जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला घट मांडतात. वावरात गोल आखून अठरा धान्यं ठेवायची, मध्ये खड्ड्यात मातीची ढेकळं, त्यावर पाण्याची घागर, पापड, कुरडई, वडा. दुसऱ्या दिवशी पहाटे कोणता दाणा आत सरकला, कोणता बाहेर गेला ते पाहून पावसाचं आणि पिकाचं भाकीत. तीनशे वर्षांची परंपरा सांगतात. मी एकदा पाहायला गेलो होतो. हजारो शेतकरी अंधारात उभे होते, आवाज नाही, श्वास रोखलेला. त्या गर्दीची मला चेष्टा करावीशी वाटत नाही, कारण ती भीती माझीही आहे. पण त्याला देवावरचा भरवसा म्हणू नका. भरवसा असलेला माणूस आधी उत्तर मागत नाही. रात्री दाणा सरकवतो तो वारा असतो, मुंगी असते, उंदीर असतो, आणि त्यावरून मी सोयाबीन पेरू की पऱ्हाटी हे ठरवणार असेन तर माझ्यात अन् मोबाईलवर महिनाभराचा अंदाज सांगणाऱ्या यूट्यूबवाल्यावर पेरणाऱ्यात फरक काय? पेरणीसाठी ७५ ते १०० मिलीमीटर पाऊस आणि जमिनीत वीतभर ओल, एवढं साधं माप आहे. ते घटात नाही, वावरात पाहायचं असतं. हात घालून.

आमच्या गावात बौद्ध शेतकरीही आहेत. त्यांचे बाप-आजे १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर होते. ते "देवावर सोडलं" म्हणत नाहीत. त्यातला एक जण परवा मला म्हणाला, "तुमचा देव असो, आमचा नसो, गारा दोघांच्याही वावरात सारख्याच पडतात भाऊ. पाहायचं येवढंच का आधी आपण काय करून ठेवलं." त्याच्याकडं सोयाबीनचं घरचं बियाणं दरवर्षी उगवण तपासून असतं. शंभर दाणे ओल्या गोणपाटात, सत्तरच्या वर उगवले तर पेरायचं. गावातले अर्धे लोक, देव मानणारे, त्याच्याकडून बियाणं नेतात.

विजेचंही सांगून टाकतो, कारण ते जिवावरचं आहे. मृगात आणि परतीच्या पावसात दरवर्षी आपल्या जिल्ह्यात माणसं, बैल मरतात. बहुतेक झाडाखाली. "वेळ आली होती" असं म्हणून आपण मोकळे होतो. पुण्याच्या उष्णकटिबंधीय हवामान संस्थेचं दामिनी ॲप आहे, फुकट आहे, जवळपास वीज पडण्याचा इशारा देतं. आभाळ गडगडलं की मजुराले झाडाखाली न पाठवता घरी पाठवायचं, इतकी साधी गोष्ट. वेळ आली होती की आपण पाठवली, हे कधी तरी स्वतःला विचारावं. आणि कोणाच्या घरी असं झालंच, तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत मृत्यूला दोन लाख मिळतात, सर्पदंश आणि वीज दोन्ही त्यात बसतात. तेरवी होईपर्यंत थांबू नका. कृषी सहायकाला लगेच सांगा, कागद लगेच गोळा करा. दुःखात असलेल्या घराले हे सुचत नाही, शेजाऱ्यानं करायचं असतं.

तर मग मी स्वतः देवावर काय सोडतो? सोडतो ना. पऱ्हाटीच्या पहिल्या वेच्याआधी घरची मंडळी सीतादही करते, दहीभात वावरात शिंपडते, मी हात जोडून उभा राहतो. पोळ्याला बैलापुढं वाकतो. दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत निघते, इडा-पिडा घेऊन जा म्हणून लोक ओरडतात, मीही ओरडलो आहे, आणि मनातल्या मनात गुलाबी बोंडअळीचं नाव घेतलं आहे. पण त्याच आठवड्यात कामगंध सापळ्यातले पतंगही मोजतो. दोन्ही करताना मला कुठं विरोध दिसत नाही. २०२३ च्या सप्टेंबरात आठवा, नागपूर-चंद्रपूर पट्ट्यात उभं सोयाबीन आठ-दहा दिवसांत पिवळं पडून वाळलं. मोझॅक होता, चारकोल रॉट होता. ज्यांनी सगळं वेळेवर केलं त्यांचंही गेलं. तिथं बियाण्याची पिशवी, फवारणीची तारीख, कोणतीच गोष्ट धरून ठेवायला उरली नव्हती. त्या रात्री झोप लागायला काहीतरी लागतं. ते विमा कंपनी देत नाही, कृषी विद्यापीठ देत नाही. ते मला देवाकडून मिळालं आणि मी ते लपवत नाही. जी माणसं त्या वर्षी तगली त्यातली बरीच भजनात बसणारी होती, हेही मी पाहिलं आहे.

पण ती झोप पीक गेल्यानंतरची. पेरणीआधी ती कामाची नाही. बीजप्रक्रिया न करता, विमा न भरता, बांधावरचा चर न उपसता झोप लागत असेल तर तिला दुसरं नाव आहे. आपल्याकडं खाटल्यावरच्या हरीची म्हण उगीच नाही पडली.

यावर मला एक उलटा प्रश्न येईल, आणि तो बरोबर आहे. वर तूच सांगितलं की विमा मंडळाच्या सरासरीवर आहे, माझ्या वावरातली गार मोजतच नाही. मग भरायचा कशाला? माझं उत्तर असं. मोठी आपत्ती येते तेव्हा ती मंडळभर येते. तुमच्या एकट्याच्या वावरातल्या नुकसानीले गाव धावून येऊ शकतं, उसनं देऊ शकतं. सगळ्या मंडळाचं गेलं तर उसनं द्यायले कोणी उरत नाही, तिथंच हा विमा थोडाफार लागू पडतो. दीड टक्क्याच्या हिशेबानं चाळीस हजारावर हेक्टरी सहाशे रुपये. आपण एका फवारणीत याहून जास्त ओततो, बऱ्याचदा गरज नसताना. फार आशा ठेवू नका, पण भरा. आणि काढून टाकलेले ट्रिगर परत आणा ही मागणी सोडू नका. देवाकडं आपण दरवर्षी मागतो, सरकारकडं मागायला लाजतो काहून?

आणखी एक. भरपाई कापणी प्रयोगावर असेल तर आपल्या गावात तो प्रयोग कुणाच्या वावरात, कोणत्या तारखेला आहे हे माहीत करून घ्या. तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक यांच्याकडं ती यादी असते. त्या दिवशी चार-पाच जणांनी तिथं उभं राहा. प्लॉट आखताना पाहा, वजन करताना पाहा. भांडायचं नाही, फक्त पाहायचं. मागच्या हंगामात आमच्याकडं प्रयोग झाल्याचं आम्हाला महिनाभरानं कळलं. कोण चुकलं ते उगाळत नाही, पण यंदा मी जाणार आहे आणि सोबत दोघं येतो म्हणाले आहेत.

आता हरभरा. विम्यासाठी फार्मर आयडी, आधार, सातबारा, पासबुक आणि पेरणीचं स्वयंघोषणापत्र लागतं. ई-पीक पाहणी केली नसेल तर आजच करा, पाहणीत एक पीक अन् विम्यात दुसरं असलं की अर्ज अडकतो. शेवटच्या दोन दिवसांत सर्व्हर बसतो हा अनुभव आहे, १४ तारखेची वाट पाहू नका.

वावरात सध्या मर दिसायला लागली आहे. ज्यांनी पेरताना किलोला पाच ग्रॅम ट्रायकोडर्मा लावला त्यांच्याकडं कमी आहे. ज्यांनी लावला नाही त्यांनी आता दिसलेली झाडं उपटून वावराबाहेर न्यावी, धुऱ्यावर टाकू नये. घाटे अळीसाठी हेक्टरी पाच कामगंध सापळे आणि एकरी पंधरा-वीस पक्षी थांबे लावून घ्या, तुराटीचे चालतात. फुलं लागायच्या सुमारास पाच टक्के निंबोळी अर्काची एक फवारणी, मग सापळे पाहूनच पुढचं. पाणी फुलं निघायच्या आधी एक आणि घाटे भरताना एक. भारी जमिनीत स्प्रिंकलरनंच द्या, पाणी साचलं की उभळ लागतो.

माझं पाणी परवा रात्रीच्या लाईनीत आहे. दिवसाची लाईन आठवडाभर तरी नाही असं वायरमन म्हणाला.